चौदा महिन्यांची मुदत

गाडी बघायला कोल्हापुरात कुणी एकटं जात नाही. नवरा-बायको तर असतातच, शिवाय गाडीतलं कळतं म्हणून एक शेजारी असतो आणि नाही नेलं तर पुढचं वर्षभर टोमणे मारील अशी एक काकू असते. शोरूममध्ये शिरल्यावर सगळे आळीपाळीने ड्रायव्हरच्या सीटवर बसतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही ते तर आधी बसतात. स्टिअरिंगवर हात, एक फोटो, "जरा हसा की हो!", मग पुढचा नंबर. गाडी घ्यायची असो नसो, नुसतं बसून बघायला काय पैसे पडतात?

पडत होते. फक्त ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं होतं.

सानिका पोवार ही हायवेवरच्या 'पंचधारा ऑटो'त विक्री सल्लागार होती. आईबाप लवकर गेले. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या अक्काने आणि दाजींनी तिला लहानाची मोठी केली, शिकवलं, आणि अजूनही ती त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहत होती. दाजी म्हणजे विश्वास चौगुले. उद्यमनगरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळलेल्या मोटरीत नवी तार भरायची, हे काम. पूर्वी विहिरीच्या पंपांच्या मोटरी यायच्या, आता जास्त करून गाड्यांच्याच येतात. माणूस बोलका, मोठ्या आवाजाचा, घरात असला की तीन घरं पलीकडे कळायचं. अक्काला चारचाकीची हौस लग्नापासून. ती हौस यंदा पुरी करायचीच असं म्हणून दाजी एका रविवारी शेजारच्या पाटणकर काकूंसह शोरूमवर येऊन धडकले.

"सानू, ह्या सीटला मसाजबिसाज पण आहे काय गं?" दाजी ऐसपैस बसत म्हणाले.

"आहे की दाजी. थांबा, लावते."

सानिकाने मसाज लावला, अक्काने फोटो काढला, पाटणकर काकू "आता मी, आता मी" करत दारापाशी उभ्या राहिल्या. आणि सानिकाने हातातल्या टॅबवर, रोजच्या सवयीने, एका चौकोनात टिचकी मारली. 'ग्राहकाची संमती घेतली.' तिने संमती घेतली नव्हती. ती कधीच कुणाची घेत नसे. विचारलं की लोक "नुसतं बघायला आलोय" म्हणून उठून जातात, हा अनुभव होता, म्हणून शोरूममध्ये कुणीच विचारत नसे. सगळे नुसती टिचकी मारत.

टॅबवर अक्षरं उमटली. नाव: विश्वास दत्ताजी चौगुले. पत: उत्तम. मुदत: कमाल चौदा महिने.

सानिकाने टॅब छातीशी पालथा धरला.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. गाडीच्या सीटच्या पाठीत पापडाएवढा एक चपटा रडार असतो. तो बसवला चांगल्या कामासाठी. बंद गाडीत विसरून राहिलेलं मूल असो, चालवता चालवता डुलकी लागलेला ड्रायव्हर असो, रडारला ते कळतं, कारण कपड्यांच्या आतली छातीची केसभर हालचालसुद्धा तो मोजतो. मोजता मोजता शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की प्रत्येक माणसाचं हृदय आपापल्या ढंगाने हलतं आणि एकाचा ढंग दुसऱ्याशी जुळत नाही. त्याला 'हृदयठसा' म्हणायला लागले. अंगठ्याचे ठसे सर्रास चोरीला जायला लागल्यावर बँकांनी खातं उघडताना हृदयठसा घ्यायला सुरुवात केली. मग गाडी विकणाऱ्यांच्या डोक्यात आलं की सीटवर बसलेल्याचं नाव विचारायची गरजच काय? ठसा बँकेच्या नोंदीशी जुळवला की नाव कळतं, आणि नाव कळलं की पत. मोटार बघायला आलेल्या माणसाने खिशातून कार्ड काढायच्या आत त्याची आर्थिक कुंडली टॅबवर हजर.

इथवर एक वेळ ठीक म्हणू. पण कर्ज कोण बुडवतं याचा शोध घेता घेता कंपन्यांना असं दिसलं की लबाड माणसांपेक्षा मेलेली माणसं जास्त घाट्यात घालतात. लबाडाच्या मागे लागता येतं. तेव्हा तोच रडार दुसऱ्या कामाला जुंपला. हृदयाच्या ज्या भागाला रक्त कमी पोचतं तो भाग हलताना जरासा मागे रेंगाळतो. माणसाला त्याचा पत्ता नसतो, रडारला लागतो. असं हृदय असलेला माणूस साधारण किती हप्ते भरतो, हे यंत्र लाखो कर्जदारांच्या नोंदींवरून शिकलं. आजाराचं नाव ते घेत नाही. रोगाचं निदान करायला परवाना लागतो. यंत्र फक्त कर्जाची मुदत सांगतं. धडधाकट माणसाला चौऱ्याऐंशी महिने, थोडं डळमळीत असेल त्याला साठ, छत्तीस.

चौदा हा आकडा सानिकाने आजवर एकदाच पाहिला होता. तेव्हा समोर एक अनोळखी म्हातारा होता, आणि त्या दिवशी तिने जेवणाचा डबासुद्धा व्यवस्थित संपवला होता.

"काय गं, तोंड का पडलं?" अक्काने विचारलं. "महाग आहे का फार?"

"नाही, नाही. सर्व्हर हळू चाललाय," सानिका म्हणाली.

सगळ्यांना चहा पाजून रवाना केल्यावर ती मॅनेजर मोहिते सरांच्या केबिनमध्ये गेली. सर माणूस वाईट नव्हते. मुलीच्या फीचं, आईच्या औषधांचं टेन्शन डोक्यावर घेऊन फिरणारा साधा नोकरदार माणूस.

"सर, माझे दाजी आहेत ते. त्यांना सांगायला पाहिजे."

"काय सांगणार?" मोहित्यांनी उठून दार लावून घेतलं. "की आम्ही तुम्हाला न विचारता तुमच्या छातीत डोकावलो? फरहानचं काय झालं विसरलीस?"

विसरली नव्हती. फरहान तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याने जयसिंगपूरच्या एका बाईंना कळवळून खरं सांगितलं. बाईंनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही, आणि त्या खवळून तक्रार घेऊन आल्या. कंपनीने हात वर केले. संमतीच्या चौकोनात टिचकी कुणाची? फरहानची. म्हणजे खोटी नोंद कुणी केली? फरहानने. नोकरी तर गेलीच, पोरगं अजून कोर्टाच्या चकरा मारतंय.

"आणि यंत्र चुकतं पण," मोहिते म्हणाले. "ठणठणीत माणसाला मरणाची भीती घालून बसशील. चौदा महिने आहेत ना? गोडीगोडीने एखादी तपासणी करून घे त्यांची. यंत्राचं नाव मात्र काढू नकोस. तुझ्याच चांगल्यासाठी सांगतोय."

तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. दाजींनी भाकरी मोडता मोडता विषय काढला.

"काय म्हणतंय मग तुमचं शोरूम? कर्ज देतंय का?"

सानिकाने मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "मुदत कमी येतीये दाजी. चौदाच महिने."

"चौदा?" अक्का दचकली. "मग हप्ता केवढा येईल! लोकांना सात-सात वर्षं देतात की."

दाजींचा हात ताटातच थांबला. त्यांनी सानिकाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. एरवी तीन भाकऱ्या खाणारा माणूस दीड भाकरीवर उठला.

थोड्या वेळाने सानिका गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती, तर दाजी जिना चढून आले. कठड्याला टेकून दम घेत उभे राहिले.

"सानू, कळलं मला ते कशामुळं," ते हळू आवाजात म्हणाले.

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. कळलं? म्हणजे त्यांना काही त्रास होतोय आणि त्यांनी तो घरात लपवलाय? तिला एकदम हलकं वाटलं. आता आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

"सर्जेराव मगदूमाला मी जामीन राहिलोय," दाजी म्हणाले. "पतसंस्थेत. दोन वर्षं झाली. त्यानं लेथ मशीन घेतलं तेव्हा. लहानपणापासूनचा दोस्त, नाही कसं म्हणू? आणि गड्यानं चार-सहा हप्ते थकवलेत. तुझ्या अक्काला ह्यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर माझी धडगत नाही बघ."

सानिका चादरीची घडी घालायला लागली.

"पण एक सांग मला," दाजींचा आवाज चढला. "तुम्हाला ते कळलं कसं? मी कागद दिला नाही, कार्ड दिलं नाही, सही केली नाही. फोन नंबरसुद्धा घेतला नाहीस तू माझा."

"सीटवर बसलं की यंत्र आपोआप बघतं, दाजी."

"आपोआप? मला न विचारता?" त्यांचा चेहरा लाल झाला. "हे म्हणजे पाहुणा म्हणून बोलवायचं आणि तो चहा पितोय तोवर त्याचं पाकीट चाचपायचं! लाज वाटत नाही व्हय तुमच्या कंपनीला?"

"सगळेच करतात."

"सगळे करू देत. तू करतीस?" एवढं बोलून ते स्वतःच विरघळले. कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तुझं काय चुकलं त्यात, नोकरी आहे तुझी. पण जामिनामुळंच झालंय ना हे? तेवढं मोकळं केलं की मुदत वाढंल?"

आता बोल, असं सानिकाचं मन तिला म्हणत होतं. दाजी, जामिनाचा काही संबंध नाही, तुमची पत उत्तम आहे, तुमच्या छातीत काहीतरी बिघडलंय. तीन वाक्यं. पण माणूस आधीच चिडलेला, आणि तिच्या डोळ्यांपुढे फरहान. शिवाय मोहिते म्हणाले तसं यंत्र चुकत असेल तर?

"असेल," ती म्हणाली. "जामिनामुळंच असेल."

दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अक्काला बोलू नकोस हां," म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या हाताची तिला इतकी लाज वाटली की ती बराच वेळ खाली गेलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दाजी मगदूमाच्या मागे लागले. मे महिन्याचं ऊन, आणि हा माणूस दुकान कामगारांवर टाकून कधी गांधीनगरला, कधी कागलला, मगदूम जिथं सापडेल तिथं. मगदूमही वस्ताद. फोन उचलायचा नाही, भेटला की गळ्यात पडायचा. "विश्वास, तुझ्यासाठी जीव देईन!" जीव नको, दुसरा जामीनदार दे, असं दाजी त्याला कळकळून सांगत होते. घरी यायचे ते घामाने निथळत.

सानिका इकडून तिकडून प्रयत्न करत होती. "दाजी, आमच्या कंपनीकडून घरच्या माणसांना फुकट तपासणी आहे. रक्त, हृदय, सगळं. शनिवारी जाऊ या?"

"मला काय धाड भरलीया?" दाजी म्हणाले. "शुगरची गोळी घेतोय रोज. आधी मगदूमाला धरू दे, मग तपास काय तपासायचंय ते."

एकदा ते दुकानातून आले आणि घराच्या तिसऱ्याच पायरीवर बसले. सानिका धावत गेली तर म्हणाले, "काही नाही गं. ह्या पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याला एकदा धरून आणला पाहिजे. लई उंच केल्यात." आणि हसले. सानिकाला हसता आलं नाही.

तेवढ्यात भलतंच झालं. पत तपासली की त्याची नोंद पडते, आणि ती नोंद त्या माणसाची जिथं जिथं सही आहे तिथं आपसूक पोचते. दाजींनी कर्ज मागितलंच नव्हतं, ते फक्त सीटवर बसले होते. पण कागदोपत्री तो कर्जाचा अर्ज झाला. पतसंस्थेच्या कारकुनाने घरी फोन केला आणि तो अक्काने उचलला. "वहिनी, साहेब नवीन कर्ज काढतायत असं दिसतंय. आधी मगदूमांचं तेवढं मिटवायला सांगा. जामीनदार आहेत ते."

अक्का भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी दाजी आल्यावर तिने एकच विचारलं, "वीस वर्षं झाली लग्नाला. मला सांगावंसं वाटलं नाही?" दाजी काहीतरी समजावायला गेले तर ती उठून आत गेली. त्या दिवसापासून अबोला.

घरात माणसं तीन, त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत. "सानू, त्यांना सांग ताट वाढलंय." "सानू, अक्काला विचार, माझा निळा शर्ट कुठाय." एका हाताच्या अंतरावर बसलेली ती दोघं, आणि मध्ये सानिका. अक्का ताट ठेवायची ते आपटूनच. दाजी खालमानेने जेवायचे. त्यांचा तो तीन घरं पलीकडे जाणारा आवाज बंदच झाला.

हे बघवेना तेव्हा सानिका एकदा स्वयंपाकघरात गेली. अक्का मटकी निवडत होती. आज सांगायचंच म्हणून ती शेजारी बसली.

"अक्का, दाजींवर इतकं रागवू नकोस गं. त्यांची तब्येत..."

"तब्येतीला काय झालंय? रोज गावभर हिंडतात की त्या मगदूमापायी." अक्काने परात बाजूला सारली. तिचे डोळे भरून आले होते. "मला त्या सहीचं काही नाही सानू. पण मोठं काही माहीत असताना माझ्यापासून लपवायचं आणि रोज माझ्याच हातचं जेवायचं? असल्या माणसाचं तोंड बघायची इच्छा होत नाही मला. तूच सांग, तुला सहन झालं असतं?"

"नाही," सानिका म्हणाली, आणि मटकी निवडायला लागली.

असा सव्वा महिना गेला. सानिकाची झोप उडाली, जेवण तुटलं. शोरूममध्ये कुणी सीटवर बसलं की ती आधी आकडा बघायची, मग माणूस. चौदा महिन्यांतला एकच तर गेलाय, अजून वेळ आहे, असं ती रोज सकाळी स्वतःला सांगायची आणि कामावर जायची.

आणि एका दुपारी दाजी शोरूममध्ये हजर झाले. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा ओढलेला, काळवंडलेला, पण डोळे नुसते चमकत होते. मागे पाटणकर काकू आणि काकूंनी दंडाला धरून ओढत आणलेली अक्का. अक्का सोफ्यावर एका टोकाला तोंड फिरवून बसली.

"सुटलो!" दाजींनी अख्ख्या शोरूमला ऐकू जाईल असं सांगितलं. किती दिवसांनी तो आवाज निघाला होता. "मगदूमानं मेव्हण्याला उभा केला, माझी सही मोकळी झाली. आता तुझ्या अक्काला गाडी घेऊन दिली की माझ्याशी बोलंल ती. काय काकू?"

"बोलेल हो, का नाही बोलणार," काकू अक्काकडे बघत म्हणाल्या.

"बस म्हणतोस का यंत्रा? बसलो!" असं म्हणत, पुडा काकूंच्या हातात देऊन, दाजी त्याच गाडीत, त्याच सीटवर बसले. दार ओढून घ्यायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला. "बघ सानू. आता पुरती परवानगी देतो तुझ्या मशीनला. काय बघायचंय ते बघ."

सानिकाने टिचकी मारली. या वेळी ती खरी होती.

पत: उत्तम. मुदत: शून्य.

"किती आली? चौऱ्याऐंशी?" दाजींनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं. "बोल की गं!"

सानिकाने मान वर केली. केबिनच्या काचेमागे मोहिते उभे होते. त्यांच्याही टॅबवर ते आलं असणार. त्यांनी हळूच मान हलवली. नको, बोलू नकोस.

"दाजी, सीट मागे घ्या आणि टेकून बसा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना. "उतरू नका. आपण हॉस्पिटलला चाललोय."

"हॉस्पिटल? कुणाला काय झालं?"

"तुम्हाला. ही मुदत कर्जाची नाही, दाजी. तुमच्या हृदयाची आहे. यंत्र छाती बघतं. जामिनाचा काही संबंध नव्हता. अक्का, ऊठ, मागे बस. लवकर!"

अक्का उठून उभी राहिली. तिला काहीच उलगडत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा बघून ती धावली आणि मागच्या सीटवर चढली. पाटणकर काकूंच्या हातातला पुडा खाली पडला. सानिकाने दाजींना पलीकडच्या सीटवर सरकवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. मोहिते धावत आले.

"सानिका, डेमोची गाडी आहे ही! अशी बाहेर काढता येत नाही. परवानगी..."

"चौकोनात टिचकी मारा सर," ती म्हणाली. "तुमची संमती घेतली म्हणून."

तेवढ्यात दाजींच्या ओठांकडे मोहित्यांचं लक्ष गेलं. ते निळसर पडायला लागले होते. त्यांनी एक शिवी हासडली, कुणाला ते त्यांनाच ठाऊक, आणि स्वतः जाऊन शोरूमचं मोठं काचेचं दार सरकवून दिलं.

वाटेत दाजींनी दोनदाच तोंड उघडलं. पहिल्यांदा, "जरा धाप लागलीया." दुसऱ्यांदा, "एसी वाढव." मागून अक्का त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बसली होती आणि "काही होत नाही, काही होत नाही" असं एकसारखं म्हणत होती. सव्वा महिन्यात ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती, पण दाजींना त्यातलं किती ऐकू येत होतं कोण जाणे. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. "धोका टळलाय," त्या म्हणाल्या. "हृदयाची मुख्य वाहिनी जवळजवळ बंद होती. मधुमेह असला की पुष्कळदा छातीत दुखत नाही, म्हणून कळलं नाही. गेला महिना-दीड महिना यांनी फार दगदग केली का हो? आधी आले असते तर हृदयाचा एक भाग वाचला असता. आता तेवढा भाग गेला. इथून पुढे जपूनच राहावं लागेल."

अक्का बाकावर बसून पोटभर रडली. सानिका तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली. अक्का पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं, आणि मग विचारलं.

"सानू, ते यंत्र माणसाचं हृदय बघतं ना? मग पहिल्या वेळेला काय बघितलं होतं त्यानं?"

चौदा महिने म्हणजे पतच कमी होती, आजार आज कळला, असं सांगता आलं असतं. खरं-खोटं करायला कुणी येणार नव्हतं. सानिकाने बाटलीचं झाकण लावलं.

"तेच," ती म्हणाली. "तेव्हाच दिसलं होतं."

"म्हणजे जामिनामुळं नव्हतं ते चौदा महिन्यांचं?"

"नाही. जामीन धरूनसुद्धा त्यांची पत चांगली होती. त्यांना वाटलं जामिनामुळं. मी वाटू दिलं."

अक्का ओरडली असती, एक थोबाडीत मारली असती, तर सानिकाने ती हसत घेतली असती.

"सव्वा महिना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही," अक्का सावकाश म्हणाली. "ताटं आपटली त्यांच्यापुढं. ते उन्हातान्हात हिंडत होते, का, तर माझा राग जावा म्हणून. आणि तुला माहीत होतं. आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवत होतीस तू. मटकी निवडत होतीस माझ्याजवळ."

"मी सांगणार होते अक्का. रोज ठरवत होते. नोकरी..."

"नोकरी," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

दार उघडलं. "चौगुल्यांचे कोण आहात?" नर्सने विचारलं. "पेशंट शुद्धीवर आलेत. सानू म्हणजे कोण? सारखं तिचंच नाव घेतायत. तिनं वाचवलं मला म्हणतायत."

सानिका उठली नाही. तिने अक्काकडे पाहिलं.

"जा," अक्का म्हणाली. "त्यांना वाटतंय तू वाचवलंस. तसंच वाटू दे. आत्ता दुसरं काही ऐकायचं बळ नाही त्यांच्यात. पण माझ्याशी काही बोलायला येऊ नकोस आता." आणि ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

आत दाजी नळ्यांमध्ये गुंतून पडले होते. तिला बघून त्यांनी दोन बोटं हलवली. ती जवळ गेली तेव्हा त्यांनी ती बोटं तिच्या हातावर ठेवली.

"पोरी, तू नसतीस तर आज..." त्यांना पुढे बोलवेना. थोडं थांबून, श्वास घेऊन, ते कुजबुजले, "सानू, एक काम कर की. बाहेर जाऊन जरा विचारून ये. तुझी अक्का अजून रागावलीया काय गं?"

सानिकाने मान डोलावली. तिने दारापर्यंत जाऊन कडीला हात लावला. काचेतून तिला अक्का दिसत होती, बाकावर पाठ करून बसलेली. तिला काय म्हणून हाक मारावी, हेच सानिकाला सुचेना.